ओढ्यातली चांदमारी

माझ्या नातसुना कधी कधी विचारतात, "आजी, नवीन नवरी होता तेव्हा सासरी काय काय शिकावं लागलं?" मी सांगते, पातळ भाकरी थापायला शिकले, कापूस वेचायला शिकले आणि पिस्तूल चालवायला शिकले. पहिल्या दोन गोष्टींना त्या माना हलवतात, तिसरीला हसतात. हसू द्या. मलाही आधी हसूच आलं होतं. नंतर मात्र फार दिवस आलं नाही.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून बैलगाडीनं दोन तासांवर. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची, गाव त्यांना पाटील म्हणायचं. घरात आम्ही चौघंच. मामंजी, सासूबाई, मालक म्हणजे माझे यजमान, आणि मी. मामंजींकडे सरकारी परवान्याचं पिस्तूल होतं. जुन्या काळी दरोड्यांच्या भीतीनं घेतलेलं. सहा गोळ्यांचं, काळं कुळकुळीत, भरल्या तांब्याएवढं जड. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ते ट्रंकेत पडलेलं असायचं. पाहुणा आला की मामंजी काढून दाखवायचे, पाहुणा म्हणायचा, "लई भारी हाय की पाटील!" आणि पिस्तूल परत लुगड्यात. एवढ्या वर्षांत ते दोनदाच वाजलं होतं म्हणे, आणि त्यातल्या एका वेळी गोठ्याचं छप्पर गळायला लागलं.

मग ते सत्तेचाळीस साल आलं. पैनगंगेच्या पल्याड झेंडा बदलला, अल्याड आमच्याकडे जुनंच राज्य राहिलं. एवढीशी नदी, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, पण तिच्यामुळं आता माणसं दोन राज्यांची झाली. बाजारात लोक हळू बोलायला लागले. आधी येणारा-जाणारा गाडीवान लांबूनच ओरडून विचारायचा, तुरीचा भाव काय निघाला म्हणून. आता तो मान खाली घालून बैल हाकायचा. पुसेगावकडची आमची एक नातेवाईक पोरांना घेऊन नदीपल्याड गेली, ती निरोप न देताच. कोणी म्हणे गावं लुटायला टोळ्या निघाल्यात, कोणी म्हणे परवान्याची हत्यारं काढून घेणार आहेत. खरं किती न खोटं किती, देव जाणे. पण सासूबाईंनी गोठ-पाटल्या कणगीत ज्वारीच्या खाली नेऊन पुरल्या, आणि कुत्रं भुंकलं की त्या हातातलं काम थांबवून दाराकडं बघायच्या. त्यांचं बघून मीही बघायला लागले.

एक दिवस जेवता जेवता मामंजी म्हणाले, "हत्यार हाय, पर चालवता कोणाला येतं घरात? उस्तादाला बोलवून राहिलो मी."

उस्ताद म्हणजे बाळापूरच्या मुसलमान आळीतला म्हातारा शिपाई. हिंगोलीच्या छावणीत नोकरी करून घरी बसलेला. आसपासच्या गावांत ज्यांच्याकडे परवान्याची हत्यारं होती त्यांच्या घरी जाऊन तो चांदमारी शिकवायचा. चांदमारी म्हणजे नेम धरायचा सराव. घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, उस्ताद चार दिवस ओसरीवर मुक्काम करायचा, हत्यार उघडून साफ करायचा, मालकाला नेम शिकवायचा आणि पुढच्या गावी जायचा. मामंजींची आणि त्याची दोस्ती माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. ईदेला मामंजी त्याच्याकडं शिरखुर्मा खायला जायचे आणि दसऱ्याला तो आमच्याकडं आपट्याची पानं घेऊन यायचा. एक दसरा चुकला नव्हता.

उस्ताद आला तो पत्र्याची पेटी घेऊन. तीत तेलाची बाटली, चिंध्या आणि नळी घासायचा ब्रश. पहिला दिवस मामंजी आणि मालक शिकले. दुसऱ्या दिवशी मामंजी म्हणाले, "सूनबाईला बी शिकवा. आमी दोघं दिवसभर रानात. घरी ह्या दोघीच. वेळ आली तर हत्यार उचलायचं कोणी?"

सासूबाई आतून कडाडल्या, "काहून तिच्या हातात देऊन राहिले ते? उद्या माझा राग आला म्हंजी?"

"मंग तू तिला बोलायचं कमी कर," मामंजी म्हणाले. उस्ताद दाढीत हसला. मी पदराआड.

आमची चांदमारी गावाबाहेरच्या ओढ्यात. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच काळ्या मातीच्या दरडी, म्हणून गोळी बाहेर जायची भीती नाही. निशाण कशाचं, तर गोवरीचं. मीच थापलेल्या गोवऱ्या दरडीला टेकवायच्या आणि मधोमध चुन्याचा ठिपका द्यायचा. उस्ताद परक्या बाईकडं डोळे वर करून बघणारा नव्हता. मी नेम धरला की तो माझ्याकडं पाठ करून उभा राहायचा आणि कानानं शिकवायचा. काडतुसं परवान्यावर मोजकी मिळायची, म्हणून आधी सगळा सराव रिकाम्या पिस्तुलाचा. नळीवर एक चिंचोका ठेवायचा, हात लांब करायचा आणि चाप ओढायचा. चाप म्हणजे बोटानं ओढायचा तो. तो ओढला की मागचा घोडा उठून खट्दिशी आपटायचा. चिंचोका पडता कामा नये.

"पडला," उस्ताद पाठमोरा म्हणायचा.

"तुमाला कसं दिसलं उस्ताद?"

"ऐकू आला, बेटी. फिरून ठेवा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा चिंचोका पडायचा थांबला. जातं ओढून ओढून मनगट घट्ट झालेलं, त्याचा असा उपयोग होईल हे कोणाच्या स्वप्नात? मालकांचा मात्र तिसऱ्या दिवशीही पडत होता. ते चिडून म्हणाले, "बायकांची कामं हायती ही, चिंचोके-बिंचोके."

"तर मंग जात्यावर बसा की उद्यापासून," मी हळूच म्हटलं. उस्तादाच्या पाठीला हसू आलेलं मला दिसलं.

पण त्याचा खरा धडा नेमाचा नव्हताच. रोज सुरू करायच्या आधी तो पिस्तूल बिजागरीवर वाकवून उघडायचा, गोळ्यांची चक्री सगळ्यांना दाखवायचा आणि आमच्याकडून पोरांसारखं म्हणवून घ्यायचा. सहा घरं आधी बघायची. बोट चापाच्या बाहेर ठेवायचं. आणि कोणी आलं तर तीनदा विचारायचं, कोण?

"तीनदा काहून?" मालकांनी विचारलं. "तवर तो अंगावर येईल की."

"येऊ द्या," उस्ताद म्हणाला. "अंधारात येणारा हर मानूस चोर न्हाई, छोटे पाटील. कोणाची म्हैस सुटती, कोणाच्या घरी बाई अडती. घाबरलेल्या मानसाला पयल्या खेपेला जवाब सुचत न्हाई. एकदा विचारा, दम घ्या. फिरून विचारा, दम घ्या. तिसऱ्या खेपेला त्याचा आवाज येतो. आवाज ओळखल्याबिगर बोट आत न्यायचं न्हाई."

चौथ्या दिवशी खऱ्या गोळ्या. आवाज असा झाला की दरडीतले पारवे उठले आणि माझ्या कानात दिवसभर भुंगा. माझ्या तीनपैकी दोन गोवऱ्या फुटल्या. मालकांची एकच. जाताना उस्ताद ओसरीवर मामंजींशी बोलत होता, मी आत ताक घुसळत होते.

"सूनबाईचा हात पक्का हाय. छोट्या पाटलाचा बी वाईट न्हाई. पर त्याचं बोट घाई करतं. मानूस चांगला हाय, डरलेला हाय. पाटील, दोस्त म्हणून सांगतो. ते बोट कोणाचा तरी जीव घेईल, आणि घेईल तो दुश्मनाचा असंल असं न्हाई."

माझी रवी थांबली. त्या दिवसापासून मी मालकांच्या उजव्या हाताच्या बोटाकडं बघायला लागले. जेवतानासुद्धा.

जाण्याआधी उस्तादानं एक काम माझ्यावर सोपवलं. दर आठवड्याला पिस्तूल उघडायचं, पुसायचं, तेल द्यायचं. "लोखंडाच्या फटीत काय बी ऱ्हायला नको, बेटी. कचरा राहिला तर वेळेला दगा देतं." मी हो म्हटलं.

पावसाळा सरत आला तसं वातावरण आणखी बिघडलं. एका बाजाराच्या दिवशी मालक परत आले ते पागोट्याशिवाय. रस्त्यात जुन्या राज्याची बाजू घेऊन खाकीत फिरणाऱ्या चार-पाच पोरांनी गाडी अडवली, पागोटं काठीनं उडवलं आणि विचारलं, तुझ्या बापाकडं हत्यार आहे ना? घरी आले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्या संध्याकाळी पिस्तूल ट्रंकेतून निघालं ते परत आत गेलं नाही. भरलेलं, त्यांच्या कमरेला.

पुढच्या आठवड्यात ते दुसरीच गोष्ट घेऊन आले. "तुमचा उस्ताद," ते मामंजींना म्हणाले, "त्या पोरांना बी शिकवतो. मैदानात कवायत घेताना बघितलं लोकांनी. आपल्या घरची सगळी खबर त्याला ठाव हाय. दारं किती, गोळ्या किती, बाया कुठं बसत्यात."

"त्यानं तसं केलं नसंल."

"तुमी विचारून बघा."

मामंजींनी खरंच विचारलं. बाळापूरला जाऊन, त्याच्या घरी बसून. परत आले ते म्हातारे होऊन. त्यांनी सांगितलं ते असं. पोरांनी उस्तादाला धरून नेलं होतं. एक दिवस तो गेला, पोरांना रांगेत उभं करून म्हणाला, तीनदा विचारायचं. पोरं हसली. एक जण म्हणाला, आम्हाला विचारायचं शिकवू नको, मारायचं शिकव. उस्ताद पेटी उचलून घरी आला. आता त्याच्या दारासमोर कोणी ना कोणी बसलेलं असतं.

"गोष्ट चांगली रचली," मालक म्हणाले. आणि कमरेवर हात ठेवला.

मला हे सांगताना मालकांची निंदा करायची नाही. दहा पोरांमागं एखादा असतो तसा गरीब स्वभावाचा माणूस, मुंगीला वाट देऊन चालणारा. पण भीती आत शिरली की माणूस स्वतःच्या घरात परका होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पान हललं तरी त्यांचं बोट आत जायचं. थेट चापावर. मी म्हटलं एकदा, "उस्तादानं सांगितलं व्हतं, बोट बाहेर." तर म्हणाले, "त्याचं नाव घेऊ नको."

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड पूजेला मांडतात. नांगराचा फाळ, कोयते, विळे, विळी, अडकित्ता. मालकांनी पिस्तूलही आणून पाटावर ठेवलं, भरलेलं तसंच. पूजा माझ्याकडं. हळद लावली, पाण्यात कालवलेलं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. पण त्या गुळगुळीत लोखंडावर अक्षता ठरेनात, घसरून पाटावर पडायच्या. अक्षता पडणं मला बरं वाटेना, त्या दिवसांत तर नाहीच. म्हणून मी मागं घोड्याच्या पुढं जी खाच असते तिथं ओल्या कुंकवाचं चांगलं जाड बोट भरलं आणि त्यात चार दाणे दाबून बसवले. बसले छान. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ते कुंकू वाळून चिकणमातीसारखं घट्ट झालं होतं.

दुपारी पूजा उचलली. मी चिंधी आणि तेल घेऊन बसले तर सासूबाईंनी माझा हात धरला. "औंदा पुसू नको. पुनवेपर्यंत राहू दे कुंकू. हत्याराला देवाची सोबत असू दे."

"आत्याबाई, उस्ताद म्हणले व्हते, फटीत काय राहिलं तर..."

"उस्तादाला काय कळतं पूजेतलं?"

मला ठाऊक होतं की ते बरोबर नाही. खरं सांगते, ठाऊक होतं. त्या दाण्यांमुळं घोडा नीट आपटणार नाही आणि वेळ आली तर पिस्तूल वाजणार नाही. टोळी आली असती आणि आम्ही चौघं त्या चार दाण्यांपायी मेलो असतो, तर तो दोष माझा होता. पण मी चिंधी खाली ठेवली. सासूबाईंच्या धाकानं की मालकांच्या बोटाच्या भीतीनं, ते मी आजवर ठरवू शकले नाही. मालकांनी पिस्तूल कुंकवासकट कमरेला लावलं.

त्या दसऱ्याला सोनं द्यायला कोणी आलं नाही. सूर्य टेकला. मामंजी पुढच्या ओसरीवर नवी धोतरजोडी नेसून बसले होते, रस्त्याकडं डोळे लावून. कोणाची वाट बघत होते ते आम्हाला कळत होतं. मी मागं गोठ्यात धार काढत होते आणि मालक गोठ्याच्या दाराशी उभे होते. हल्ली ते मला एकटीला मागं सोडत नसत.

तेवढ्यात परसातल्या तुराट्यांच्या कुंपणाशी खसफस झाली. गाय कान टवकारून बघायला लागली. कुंपण सारून एक माणूस आत शिरला. डोक्यावरून घोंगडं, तोंड झाकलेलं, एक हात घोंगड्याच्या आत.

"कोण?" मालक म्हणाले.

माणसानं जवाब दिला नाही. बाहेरचा हात नुसता वर केला, थांबा असं सांगितल्यासारखा.

मालकांनी पिस्तूल उचललं आणि चाप ओढला. मी बघितलं. हातभर अंतरावरून बघितलं. बोट तिथंच होतं, त्याला कुठून यायचंच नव्हतं. घोडा उठला आणि पडला. पण खट् झालं नाही. थप् असं काहीतरी झालं, ओल्या मातीत ढेकूळ पडावं तसं.

माझ्या हातातली चरवी सांडली. आणि त्या घोंगड्यातून आवाज आला, हळू, अगदी ओढ्यात यायचा तसा.

"तीनदा विचारायचं ठरलं व्हतं, छोटे पाटील. दोन राहिले."

मालकांचा हात तसाच लांब. उस्ताद चालत पुढं आला, नळीसमोरून बाजूला झाला आणि त्यांच्या बोटावर आपली दोन बोटं ठेवून ते चापातून बाहेर काढलं. मग पिस्तूल घेऊन उघडलं. सहाही घरं भरलेली. त्यानं घोडा मागं ओढून खाचेत नखानं उकरलं. लाल झालेला, चेचलेला तांदूळ त्याच्या तळहातावर आला. त्यानं तो बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं डोळे वर करून बघितलं. मग लगेच खाली.

मालक गव्हाणीला धरून खाली बसले.

"वरडून जवाब देता आला नसता," उस्ताद म्हणाला. "रस्त्यावर त्या पोरांचा मानूस हाय. म्हणून परसातून आलो. पाटलांना सांगा, उद्या उन्हं वर यायच्या आत इथं कोणी थांबू नका. ते उद्या येणार. हत्यारासाठी येणार, पर हत्यार घेऊन जाणार न्हाईत नुसतं."

मामंजी आवाज ऐकून मागं आले होते. उस्तादानं पुन्हा घोंगड्यात हात घालून बाहेर काढला. त्यात आपट्याची पानं होती, घामानं ओली. त्यानं ती मामंजींना दिली, दोघं भेटले. मग दोन पानं घेऊन तो मालकांसमोर वाकला. मालकांना हात पुढं करता येईना. त्यांचा उजवा हात मांडीखाली दाबलेला होता. त्यांनी डावा पुढं केला.

"चल आमच्यासंगं," मामंजी म्हणाले. "गाडीत जागा हाय."

"घरी बिमार बायको हाय, पाटील. तिला सोडून कुठं येऊ?"

तो आला तसा कुंपणातून गेला. आम्ही झुंजूमुंजू व्हायला निघालो. नदी ओलांडली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मागं वळून बघितलं तर आमच्या गावाच्या अंगाला धूर होता. आमच्या घराचा की दुसऱ्या कोणाचा, ते तेव्हा कळलं नाही. पुढं कळलं की आमच्याच गोठ्याचा.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी राज्य बदललं आणि आम्ही परतलो. पडझड झालेलं घर सारवायला घेतलं. राज्य बदलून महिना झाला नसेल तोच दसरा आला. मामंजी तोवर राहिले नव्हते, नदीपल्याडच गेले. मालक सकाळीच उठले, कोणाला न सांगता आपट्याची पानं तोडली आणि गाडी न जुंपता पायी बाळापूरला निघाले. मधल्या काळात आम्ही ऐकलं ते दोन तऱ्हेचं होतं. कोणी म्हणे आम्हाला खबर दिली म्हणून त्या पोरांनी उस्तादाला नेलं. कोणी म्हणे नाही, राज्य बदललं तेव्हा बाहेरून जमाव आला आणि आळीतल्या मुसलमानांवर पडला, त्यात तो गेला. दोन्ही सांगणारी माणसं खोटी नव्हती.

मालक दिवेलागणीला परत आले. पानं हातातच होती, सुकून वळलेली. मी पाय धुवायला पाणी दिलं. पाय धुऊन ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "दार उघडंच हाय. आत कोणी न्हाई. शेजारची दारं बंद."

मी विचारलं, "हाक मारली का?"

"मारली."

त्यांनी उजव्या हाताचं बोट दुसऱ्या हातात घट्ट धरलं होतं.

"तीनदा मारली," ते म्हणाले. "दर खेपेला दम घेऊन."